डोंगर पितोय

फेस्टी मुलार्कीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. काळा चहा, लोणी लावलेला पाव, मग खांद्यावर फावडं टाकून स्लीव्ह डोरखा डोंगराची चढण. वर पीट कापायचं, म्हणजे वाळवून चुलीत जाळायची काळी, ओली माती विटांसारखी काढायची. तो कापायचा, मी विटा झेलायचो. त्याची वीट कधी वाकडी आली नाही.

त्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला. माथ्याला भेगा पडल्या. मग पाऊस लागला तो थांबेना, पण खालचा ओढा काही चढेना. जिथं फावड्यावर पाय देऊन जोर करावा लागायचा, तिथं ते नुसत्या हाताच्या भारानं आत जाऊ लागलं.

"म्हातारपणी अंगात रेडा शिरलाय की काय तुझ्या?" शेजारचा कॉलमन म्हणाला.

फेस्टीनं फावडं पुसलं. "डोंगर पितोय," तो म्हणाला.

हा शब्द डोंगरावर कुणी काढत नाही. आमच्या आजोबांच्या काळी डोंगर असाच पावसाचं पाणी प्यायला होता, आणि पलीकडच्या उतारावरची वस्ती चिखलाखाली गेली. तिथं आजही गुरं चरत नाहीत.

फेस्टी आणि त्याची थोरली बहीण डीलिया आमच्या बाजूच्या उताराखाली राहायचे. घरावर गवताचं छप्पर. त्याजागी स्लेटची दगडी कौलं घालायची म्हणून तो मजुरीतून पैसे बाजूला टाकत आला होता.

"आवर. नदीपलीकडं जाऊ," तो घरी येऊन म्हणाला.

"डोंगरावर तो शब्द काढलास ना? आता घर सोडायचं मी?"

"फावडं आपोआप बुडतंय, डीलिया."

"मग हळू मार."

"काम सोपं झालंय. मला भ्या वाटतंय."

जन्मात त्यानं काम सोपं आहे असं म्हटलं नव्हतं. डीलियानं त्याच्याकडं पाहिलं आणि चुलीतले निखारे बादलीत भरले. आमच्याकडं विस्तव नेला की त्या घरात परत पाऊल टाकत नाहीत.

कितीतरी दिवस काही झालं नाही. "मुलार्की डोंगराला भ्याला," म्हणून गुत्त्यात लोक हसले.

एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, उतार खाली निघाला. आवाज फारसा नव्हता. बाहेर आलो तर फेस्टीच्या घराचं धुराडंसुद्धा दिसेना.

स्लेटचे पैसे नदीपलीकडच्या खोलीच्या भाड्यात गेले. छप्पर पत्र्याचं, तेही गळकं. पाऊस लागला की डीलिया गळतीखाली निखाऱ्यांची तीच बादली ठेवायची आणि फेस्टी दारात जाऊन ओढा चढतोय का बघायचा.