नणंदबाई आणि चेहऱ्यावरच्या सुया

माझ्या थोरल्या नणंदेने आजवर कुठल्याही गोष्टीवर पहिल्या सांगण्यात विश्वास ठेवलेला नाही, स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, आणि साताऱ्याकडच्या त्यांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म मास्तरांनी एक जूनलाच उरकलाय, हे त्यांचं म्हणणं खोडून काढायला अजून कोणी पुढे आलेलं नाही. ताईंनी लग्न केलं नाही. महाप्याच्या एका औषधकंपनीत बाहेर जाणारा माल तपासायच्या खात्यात त्या चोवीस वर्षं आहेत, आणि कामोठ्यात आमच्याच सोसायटीत, आमच्या दोन मजले वर राहतात. कंपनीतून सुटल्या तरी त्यांची तपासणी सुटत नाही. कलिंगडवाल्याने कापून दाखवलेल्या फोडीवर त्या पर्समधला कागदी रुमाल दाबून धरतात आणि तो जास्त लाल झाला तर कलिंगड परत करतात. लिफ्टमधला तपासणीचा कागद वाचतात. तारीख उलटली असली तर पाच मजले जिना चढून आधी सेक्रेटरीची बेल वाजवतात, मग घरी जातात.

अशा बाईंनी एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, की सीवूड्सला एका स्किनच्या डॉक्टरकडे जायचंय, चेहऱ्यावर बारीक सुया टोचून घ्यायच्यात, तू बरोबर ये. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तरुणपणी मुरमांनी ताईंच्या दोन्ही गालांवर खड्डे केले होते हे खरं, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नव्हता. मग एकोणपन्नासाव्या वर्षी हे काय? नवऱ्याला विचारलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, असेल कोणीतरी, असला तर बरंच आहे. मला लगेच ताईंच्या कंपनीतले ते विधुर साहेब आठवले, जे दिवाळीत फराळाचा डबा परत करायला आले आणि दोन तास बसले. त्या दिवसापासून मीही ताईंवर पाळत ठेवली. नवीन ओढणी दिसली की नोंद, फोनवर हसल्या की नोंद. संशयाची बाधा होते, आणि मला ती घरातूनच झाली.

डॉक्टरीणबाई तरुण आणि कमालीच्या सोशिक निघाल्या. ताईंनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. सुई नवी कशावरून? पाकीट माझ्यासमोर फोडणार का? वापरलेली कुठे टाकता? तो डबा दाखवा. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते, ते त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की आधीच्या फोटोतली बाई रडवेली आहे आणि नंतरच्या फोटोत हसतेय, हसलं की खड्डे आपोआप निम्मे भरतात. म्हणून त्यांनी घरच्या खिडकीशी, रोज सकाळी आठ वाजता, अजिबात न हसता स्वतःचे फोटो काढायला सुरुवात केली. ते काम त्यांना मुळीच जड गेलं नाही. सुयांच्या आधी आठवडाभर तोंडाला कुठलंही क्रीम लावायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की कंपनीच्या बसपर्यंतच्या दीडशे पावलांसाठी छत्री, टोपी आणि ओढणी असा सरंजाम निघायचा आणि वॉचमन रोज त्यांना नव्याने कोण पाहिजे म्हणून विचारायचा.

सुयांच्या दिवशी आधी चेहऱ्याला बधिर करणारं क्रीम लावून पाऊण तास बसवतात. ताई दर पाच मिनिटांनी स्वतःच्या गालाला चिमटा काढून बघत होत्या. आत जाताना मला म्हणाल्या, "तोंड माझं बधिर झालंय, तुझे डोळे नाहीत. बघत राहा." मी बघत राहिले. पेनासारखं यंत्र गालावरून फिरायला लागलं, रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटले, आणि एवढा वेळ धरलेला माझा धीर सुटला. बाहेर बाकावर मला पाणी दिलं गेलं. बाहेर आल्यावर ताईंनी पहिला आरोप माझ्यावर केला, की मी बघत राहिले नाही.

पुढचे तीन दिवस त्या पडदे ओढून घरात होत्या. चेहरा उकडलेल्या बिटासारखा. शेजारच्या काकूंनी मायेने हळद आणि साय पाठवली. डॉक्टरांनी काहीही लावू नका म्हटलेलं असताना हळद नेमकी आजच कशी आली, यावर ताईंनी बराच विचार केला आणि ती वाटी दाराबाहेरूनच परत गेली. तिसऱ्या दिवशी कातडी कोरडी पडून सुटायला लागली, तसा डॉक्टरांना फोन लावायला त्यांनी मला वर बोलावलं. हे असंच होतं, ओढू नका, असं उत्तर आलं. ताईंनी ते वहीत लिहिलं. तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, खरं सांगा. हे सगळं कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? सईसाठी."

सई माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. तिच्या गालांवर आत्याचेच खड्डे उतरलेत. कॉलेजात ती अजून मास्क लावून बसते, फोटोत मागे उभी राहते. दोन महिन्यांपूर्वी तिने हीच सुयांची ट्रीटमेंट मागितली होती आणि मी बघू बघू करत टाळली होती. ताईंनी ते ऐकलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

"माल बाहेर जायच्या आधी एक नग फोडून बघतात," त्या म्हणाल्या. "पोरीच्या तोंडाला काही झालं असतं तर? माझ्या तोंडाचं आता काय व्हायचंय?"

विधुर साहेबांचा विषय मी मुकाट्याने गिळला.

दर महिन्याला एकदा, असं चार वेळा त्या सीवूड्सला गेल्या. एका सकाळी खिडकीतले सगळे फोटो ओळीने माझ्यापुढे मांडून नाराजीनेच म्हणाल्या, की खड्डे गेले नाहीत, पण उथळ झालेत, नाकारता येत नाही. त्याच आठवड्यात सईचा नंबर लागला.

सई आत क्रीम लावून पडली होती. सुया सुरू करायच्या आधी आपल्याला बोलवायचं, अशी ताकीद देऊन ताई माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. मग समोर बघतच त्यांनी सांगितलं, की चोवीस वर्षांच्या असताना कराडचा एक मुलगा बघायला आला होता, आणि चहा संपायच्या आत हो म्हणाला होता. असला चेहरा बघून इतक्या लवकर हो म्हणतो, म्हणजे त्याच्यातच काहीतरी खोट असणार, असं त्यांना वाटलं. भावाला पाठवून चौकशी केली, त्याच्या ऑफिसात, त्याच्या गल्लीत.

"काहीच सापडलं नाही. म्हणून जास्तच संशय आला. नाही म्हणून कळवलं."

मी त्यांच्याकडे वळले.

"आता वाटतं, मी त्याला आवडलेच असेन. तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझं मत पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, आवडल्याच असाल, ताई. त्यांनी मान हलवली. सईचा चष्मा त्यांच्या हातात होता, तो ओढणीच्या टोकाने त्या कितीतरी वेळ पुसत बसल्या.