गालिच्याचा काठ

आमच्या घरात गालिचा दुमडायचा नाही, असा नियम होता. गुंडाळून कोपऱ्यात उभा करायचा, पण दुमडायचा नाही. तांबड्या लोकरीचा, हाताने विणलेला, पुढची अख्खी खोली व्यापणारा तो गालिचा बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतला. आयुष्यात त्यांनी घेतलेली तेवढी एकच महागाची वस्तू.

बाबा लहान असताना अल्लीपूरकडच्या त्यांच्या गावात बैठक भरली की बिछायत अंथरली जाई. आमच्या वस्तीतला माणूस आला की कोणीतरी तिचा काठ आत दुमडून घेई आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर त्याने बसायचं. बोलायचं कोणीच नाही. काठ दुमडला की कळायचं. बाबा आजोबांशेजारी असे कितीदा तरी बसले होते. म्हणून वर्ध्याच्या घरात दर पौर्णिमेला बुद्धवंदनेसाठी गालिचा पसरायचा, खुर्च्या बाहेर काढायच्या, आणि येणारा कोणीही असो, त्याने गालिच्यावरच बसायचं. बाबा गेल्यावरही आईने हे मोडू दिलं नाही.

यंदा चैत्रात आईने अंथरूण धरलं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. एकदा मी तिला धरून न्हाणीकडे नेत होते तेव्हा वाटेतच, गालिच्यावरच, तिला लघवी आवरली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, पण ती भिंतीकडे तोंड करून दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "बुद्धपौर्णिमेच्या आंधी धुऊन आन त्याले. मले एक डाव त्याच्यावर बसाचं हाय."

स्टेशनकडच्या रस्त्यावरचा धुलाईवाला घरी आला. गुडघे टेकून त्याने गालिच्यावरून हात फिरवला, असा माल आता मिळत नाही म्हणाला, आईची विचारपूस केली. दुमडू नका, हे मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. लेकरासारखा सांभाळीन, असं तो म्हणाला. इतक्या गोड तोंडाच्या माणसापासून सावध राहावं हे मला कळायला हवं होतं.

मग सुरू झालं त्याचं 'उद्या'. गालिचा अजून ओला आहे म्हणे. वर्ध्याच्या वैशाखात, जिथे दुसरी चादर दोरीवर टाकेपर्यंत पहिली पापडासारखी कडक होते, तिथे याच्याकडे ऊन पडत नव्हतं. नंतर मशीन बिघडली. नंतर सासरे वारले. पुढच्या आठवड्यात सासरे पुन्हा वारले. मी फोनवर ओरडले की तो आणखीच नरम बोलायचा. आई रोज सकाळी डोळे उघडले की एवढंच विचारायची, "आला का?"

शेवटी मी दुकानावर गेले. तो नव्हता. त्याची बायको इस्त्री करत होती. तिला बिचारीला काय लपवायचं तेही सांगितलेलं नसावं. "थे त अल्लीपूरले गेले जी," ती म्हणाली. "लग्नाचं स्टेज हाय नं, गालिचे घेऊन गेले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

शेजारच्या मावशींना आईजवळ बसवून मी एसटी पकडली. मंडप शोधावा लागला नाही, गाणी रस्त्यावरच ऐकू येत होती. स्टेजवर आमचा गालिचा होता. स्टेजपेक्षा लांब झाला म्हणून त्याचा एक काठ हातभर दुमडून वरून लांब खिळे ठोकले होते. वर सोफा, सोफ्यावर नवरा-नवरी, आणि फोटोसाठी बूट घालून चढणारी माणसं. बाबांच्याच मुलखात, बाबांचा गालिचा, काठ दुमडलेला. मी तशीच स्टेजच्या पायरीपर्यंत गेले. पण नवरीच्या पायाखालून गालिचा कसा ओढणार? तिचा काय दोष? जिथे मला कोणी बोलावलं नव्हतं त्या लग्नात मी ऊन उतरेपर्यंत उभी राहिले.

धुलाईवाला हातात ताट घेऊनच समोर आला. जराही ओशाळला नाही. "वाळवाले टाकला होता समजा, ताई. शुभ कामाले त लागला." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून वर पुण्यही त्यालाच हवं होतं. त्याच्या थोबाडीत द्यावी असं फार वाटलं. "खिळे काढा," एवढंच मी म्हणाले.

टेम्पोतून गालिचा घरी आणला, उलगडला, तेव्हा कळलं की त्याने तो धुतलाच नव्हता. हळदीचे, भाजीच्या रश्शाचे डाग होते आणि त्यांच्यामध्ये आईचा डाग तसाच होता. सगळा सीझन लोकांची लग्नं त्यावर लागली होती.

मी तो आईच्या खाटेलगत पसरला. तिला नीट दिसत नव्हतं. तिने हात खाली सोडला, लोकरीवरून बोटं फिरवली आणि दुमडीच्या कडक रेघेवर थांबवली. "काठ कोनं दुमडला?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. खोटं सुचलं नाही. "जड काई ठेव त्याच्यावर," म्हणाली आणि हात चादरीखाली घेतला.

मी काठावर पाटा ठेवला. बुद्धपौर्णिमा यायच्या आधीच आई गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर गालिचा स्वतः धुतला. डाग निघाले. संध्याकाळपर्यंत तो वाळलाही. पण पाटा काढला की काठ हळूहळू उचलायचा आणि पुन्हा आत वळायचा.

लोक जमले, गालिचा भरला. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, गावाहून सगळ्यांत शेवटी आले. थकलेले, काठी टेकत. दाराशी चपला काढल्या, खाली पाहिलं. वळलेला काठ त्यांच्या पायापुढेच होता. ते तिथेच, काठाच्या अलीकडे, उघड्या फरशीवर गुडघे जवळ घेऊन बसले.

"काका, वर या," मी म्हणाले.

"राहू दे, बाई. मी इथंच बरा आहो."

मी त्यांच्या समोर बसले आणि तो काठ दोन्ही हातांनी फरशीवर दाबून धरला. वंदना संपेपर्यंत धरून होते. काका सरकले नाहीत.