गवत कापायची मशीन आन् नत्थूचं नाव

नत्थूबद्दल कोणी इचारलं तं मी म्हणतो, चांगला माणूस होता, आन् विषय बदलतो. आज सांगूनच टाकतो. मी बंडूजी. वर्ध्याले देवळी रोडवर आमचं शेतकी प्रशिक्षण केंद्र होतं, तिथं मी स्टोअरकीपर आन् नत्थू माळी. मी कायम, तो अकरा वर्षांपासून रोजंदारीवर. बोरगाव मेघेवरून सायकलनं यायचा. कामाले वाघ, पण तोंडातून शब्द निघंन तं शपथ. मले अशी गुमसुम माणसं सहन होत नाईत, पहिल्यापासूनच.

केंद्राले बाहेरच्या देशातून गवत कापायची मशीन भेट आलती, वर बसून चालवायची. ती नत्थूशिवाय कोणाले जमे नाई. एक्क्याऐंशीच्या दसऱ्यानंतर तिनं दगा दिला. चाबी फिरवली का सुरू होये, पाच मिनिटं चाले आन् मरे. मग कितीबी चाबी फिरवा, दाद नाई. इकडं गवत गुडघ्याले लागलं होतं आन् शुक्रवारी नागपूरहून तपासणीवाले येणार होते. कायम करायच्या माणसांची यादी त्यांच्याच हाती जाणार होती. त्यात नत्थूचं नाव पहिलं होतं.

गुरुवारी सकाळी आमचे मुख्य साहेब मधुकरराव मैदानावर आले. म्हणाले, "नत्थू, चार वाजेपर्यंत मशीन चालू पाहिजे. नाहीतर यादीतून तुझं नाव काढतो."

नत्थूनं मान हलवली. मी बाजूलेच होतो, मले कुठं चूप राहवते? म्हटलं, "साहेब, हा खंडेनवमीले मशीनले हातबी जोडत नाई. मंग कशी चालन ती?"

नत्थू बौद्ध. छप्पन सालीच त्याच्या बापानं घरातले देव सोडले होते. नवमीले औजारांची पूजा मी करतो, स्टोअरातल्या एकेका वस्तूची. गेल्या वर्षी त्यानं पाण्याची मोटर पुसता पुसता माहं कुंकूबी पुसून टाकलं, तं मी त्याले चार लोकांत नाई नाई ते बोललो. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. या वर्षी मशीनवरच्या कुंकवाले त्यानं बोट लावलं नाई.

त्यानं प्लग काढला, घासला, परत लावला. फिल्टर झटकला. कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला. जीपची बॅटरी लावून पाह्यली. बारा वाजले. मशीन सुरू झाली आन् पाच मिनिटांत मेली. वर्ध्याचा मिस्त्री आला, कॉईल गेली म्हणाला, चहा प्याला आन् निघून गेला. तसली कॉईल इथं कुठं भेटणार? दोन वाजले तरी नत्थूनं जेवणाचा डबा उघडला नव्हता. तोच प्लग चौथ्यांदा काढून घासून राह्यला होता. खरं सांगतो, ते पाहून मले बरं वाटलं होतं.

तीन वाजता पेट्रोल पाहाले त्यानं टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स आवाज आला. टोपण लावलं, चाबी फिरवली, मशीन सुरू. पाच मिनिटांत बंद. पुन्हा टोपण उघडलं, पुन्हा सुरू. तो थांबला.

"बंडूजी, टोपण उघडलं का चालते, लावलं का मरते. टाकीत हवा जाऊन नाई राह्यली."

त्यानं टोपण हातात घेतलं. टोपणाले मधोमध हवेसाठी सुईएवढं भोक असते, हे मले काय ठाऊक? मी मशीनचं कपाळ समजून नेमकं तिथंच ओल्या हळदकुंकवाचा जाड थापा दिला होता, वरून तांदूळ दाबले होते. वाळून त्याचा दगड झाला होता.

नत्थूनं टोपणाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"पुसू काय?" त्यानं इचारलं.

नाव जायची वेळ आली होती आन् हा माणूस मले इचारून राह्यला होता. मी मान हलवली. त्यानं सेफ्टीपिनेनं भोक कोरलं. तळहातावर लाल भुकटी पडली, ती त्यानं पॅन्टले पुसली. टोपण लावून चाबी फिरवली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, मशीन काही थांबली नाई.

आवाज ऐकून मधुकरराव आले. "काय झालं होतं?"

"टोपणाच्या भोकात कचरा होता, साहेब."

"साफसफाई कोणाचं काम आहे?"

"माहं."

"म्हणजे आठ दिवस तुझ्याच हयगयीनं मशीन बंद होती. बंडूजी, मेमो लिहा. याचं नाव या वर्षी यादीतून काढा."

नत्थूनं माह्याकडं पाह्यलंबी नाई. एक वाक्य बोलायचं होतं मले, साहेब, ते कुंकू मी लावलं. बोललो नाई. स्टोअरात गेलो आन् चांगल्या अक्षरात लिहिलं, 'देखभालीत हयगय'. नत्थूनं खाली सही केली, पेन टोपण लावून परत देल्ला.

"पुढच्या वर्षी कुंकू सीटवर लावजा, बंडूजी," तो म्हणाला, आन् उरलेलं मैदान कापाले गेला.

त्याचं नाव कायमच्या यादीत लागाले आणखी चार वर्षं गेली. साहेबाची केबिन माह्या स्टोअरच्या समोरच होती, खरं सांगाले दहा पावलंबी लागली नसती.