उत्तरेचा बाण

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीच्या शाळेचा नकाशा मी काढला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. नगरपालिकेत मी हंगामी ड्राफ्ट्समन होतो आणि अक्कल जरा जास्तच होती. खोल्यांच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला, दक्षिणेला रुंद व्हरांडा, उंच छत, भिंतीत वर झरोके. दिवसा दिवा नको, पंखा नको. आज चार विटा जास्त लागल्या तरी तीस वर्षं विजेचं बिल वाचेल, असं मी साहेबांना पटवलं. ते म्हणाले, तीस वर्षं इथे बसणार कोण, माझी तर दोन वर्षांत बदली होईल. तरी मंजुरी दिली.

मग जागेवर कुणीतरी शंका काढली. रस्ता पूर्वेला, आणि सरस्वतीच्या घराचं तोंड दक्षिणेला? कंत्राटदाराने अख्खी इमारतच फिरवली. व्हरांडा पूर्वेला गेला, माझ्या उत्तरेच्या खिडक्या पश्चिमेला आल्या. कागदावरचा उत्तरेचा बाण मात्र होता तसाच राहिला, कारण नवा नकाशा म्हणजे नवी मंजुरी. ‘नकाशाप्रमाणे काम पूर्ण’ या ओळीखाली मीच सही केली. मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

दोन वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, बदली त्याच शाळेत झाली. तिसरीचा वर्ग. दुपारी दोननंतर ऊन थेट मुलांच्या तोंडावर. खिडक्या लावल्या की अंधार, म्हणून दिवे आणि पंखे दिवसभर चालू. बिल चढत गेलं, थकलं, आणि एका मार्चमध्ये वीजच तोडली. अक्काला रक्तदाबाचा त्रास होता. एका संध्याकाळी घरच्या पायरीवर बसून ती मान पुसत आमच्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाली, “पंखा नोको रे मज. त्या खिडक्यांस सावली होणें, तेवढंच कर.”

झावळ्यांच्या मांडवासाठी तिचा अर्ज शेऱ्यासाठी माझ्याच टेबलावर आला. खरं लिहायचं तर माझी सही खोटी ठरणार. मी लिहिलं: नकाशानुसार खिडक्या उत्तरेला असल्याने ऊन येत नाही, मांडवाची गरज नाही. परसातल्या पाच-सहा झावळ्या मी स्वतः जाऊन बांधू शकलो असतो. पण कुणी कारण विचारलं असतं, म्हणून तेही केलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आमच्या घराने तमिळ मुलखात तीनशे वर्षं जपली, ती बहुधा माझ्यासाठीच.

एप्रिलमध्ये अक्का वर्गात कोसळली आणि दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला.

तेराव्यानंतर मी तिची छत्री आणि डबा आणायला शाळेत गेलो. वर्गाच्या चारी भिंतींवर तिने मुलांसाठी तमिळमध्ये दिशांची नावं रंगवली होती. खिडक्यांच्या वर ‘मेर्कु’ होतं, म्हणजे पश्चिम. मी तिथेच बाकावर बसलो.

मुख्याध्यापिका डबा घेऊन आल्या. माझा शेरा अक्काने वाचला होता, असं त्यांनी सांगितलं. वर तक्रार करू या, असं त्यांनी सुचवलं तेव्हा तिने कागदाची घडी घातली आणि ती एवढंच म्हणाली, “धाकट्याची नोकरी अजून कायम नाही.”

त्याच वर्षी दिवाळीआधी मी कायम झालो.