काकाजींच्या गाडीतला आमचा सेल्फ

बोनेटवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, कान खाली न्यायचा आणि म्हणायचं, "डोळा हटला, पुरजा बदलला." आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या काकाजींची ही सवय. गाडी कुणाचीही असो, गॅरेजवाला कितीही ओळखीचा असो, भरवसा कुणावरच नाही.

जुनी गाडी ठेवणाऱ्यांना हे कळेल. आमच्या सेक्टर दोनमध्ये गाडी गॅरेजला दिली की घरचं एक माणूस तिथं बसवतात. नाहीतर चांगला पुरजा काढून भंगारातला टाकतात, असं सगळेच म्हणतात. आमच्याकडे बसणारं कुणी नव्हतं. ह्यांचा पाय प्लांटमध्ये दुखावला होता, स्कूटर जमत नव्हती, म्हणून एका साहेबाची जुनी पांढरी गाडी घेतली होती. गाडी उभी राहिली की ह्यांची ड्यूटी बुडायची. आणि महिना गेला नाही की तिचं काहीतरी निघायचंच. मी काही परक्या माणसांत जाऊन बसणाऱ्यातली नाही. मग काकाजीच साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आमच्या गाडीसाठी बसायचे.

ते बसायचे म्हणजे कसे? स्टूल बोनेटला लावून. नवीन पुरज्याचा डबा आपल्यासमोर फोडायला लावत. ऑइल बोटावर घेऊन हुंगत. एकदा मेकॅनिक वैतागून म्हणाला, "काका, बाथरूम तो हो आओ, इंजन यहीं रहेगा." काकाजी गेले, पण जाताना इंजिनाचा एक बोल्ट खिशात घालून गेले.

आम्हाला ते सांगत, गाडी द्यायच्या आधी आपल्या पुरज्यांना रंगाचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे चोरी पकडता येते. ह्यांनी उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटने एक एक ठिपका लावला.

या कामाचे काकाजी पैसे घेत नसत. फक्त काढलेला जुना पुरजा कागदात गुंडाळून घरी नेत. मोडीत टाकतो म्हणायचे. शेजारची बाई मला म्हणाली, मेकॅनिक त्यांना कमिशन देत असेल. उगाच कोण दिवसभर उन्हात बसतो? ते माझ्या डोक्यात राहिलं.

मग आमचा सेल्फ बिघडला. किल्ली फिरवली की इंजिन चालू करते ती मोटार. सकाळी नुसती टक् करून गप्प बसायची. काकाजींनी कान लावला आणि सांगितलं, "याच्यात जान नाही राह्यली. रिपेअर कराल त पैसे फुकट जातीन. नवाच टाका." मुलीच्या फीचे ठेवलेले पैसे नव्या सेल्फला गेले. जुना काकाजींच्या कागदात गेला.

त्यांची स्वतःची गाडीही आमच्यासारखीच, तीच जुनी पांढरी. कित्येक महिन्यांपासून कडुनिंबाखाली बंद पडलेली. एका सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते, तर ती चालू झाल्याचा आवाज आला. बोनेट उघडं होतं, काकाजी घरात गेलेले. मी भिंतीजवळ जाऊन पाहिलं. आत एक हिरवा ठिपका. मग सेल्फवर दुसरा. सेल्फ आमचा होता.

त्या दिवसापासून त्यांचं जुनं सगळं बोलणं मला आठवायला लागलं. कार्बोरेटरमध्ये जान नाही. पंख्याच्या मोटारीत जान नाही. जान नव्हती, की त्यांना पाहिजे होती? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, जाऊ दे, प्लांटमध्ये एकाच शॉपातले आहोत, बोलू नको. मीही बोलले नसतेच. पण पुढच्या सुट्टीला क्लचची वायर टाकायची होती आणि काकाजी स्टूल घेऊन फाटकात उभे. माझ्या तोंडून निघून गेलं.

"काकाजी, आमचा सेल्फ तुमच्या गाडीत फिरून राह्यला."

ते चपापले नाहीत. म्हणाले, "हो. आतले कार्बनचे तुकडे घासले होते, ते बदलले मी. चालते."

"मग आमालेच कावून नाही सांगतलं? कार्बन त स्वस्तात होते."

"सूनबाई, घासलेल्या सेल्फचा काही नेम नाही. आज चालन, उद्या बसन. तुह्या नवऱ्याची ड्यूटी बुडन. माही गाडी बसली त मी पायी जाईन, माह्यं काय हाये?"

उत्तर पटण्यासारखं होतं. पण आधीपासून तयार करून ठेवल्यासारखंही वाटलं. मी बाजूला झाले. त्यांनी गाडी नेली, दिवसभर बसले, आणि क्लचची जुनी वायर पहिल्यांदाच माझ्या हातात आणून दिली. मला तिचं काय करायचं होतं?

पुढे ते रिटायर झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली. सामानाचा ट्रक त्यांच्या गावी, भंडाऱ्याकडे, पुढे गेला आणि काकाजी आपल्या गाडीत बसले. निरोपाला क्वार्टरांची सगळी लाइन जमली होती. त्यांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

त्यांनी काचेतून मान बाहेर काढली. इतक्या लोकांतून नेमकं माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्यलं का सूनबाई? मी सांगतलं होतं."

चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट समाधान होतं. तेवढ्यात माझ्या मनात आलं, आम्ही जमण्याआधी सेल्फची वायर ढिली करून तर नाही बसले? या माणसाचं काही सांगता येत नाही. बोनेट उघडून पाहायला लावावं, असं फार वाटलं.

पण ह्यांना पायामुळे धक्का मारता येत नव्हता. शेजारच्या दोघांनी मागून हात लावला, मग मीही पदर खोचून लावला. एवढ्या लोकांसमोर मी कधी रस्त्यावर आले नव्हते. गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली, तिथे धक्का खाऊन इंजिन चालू झालं. थांबली असती तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून काकाजी थांबले नाहीत. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला.