तुझं काम सेक्शन सांगायचं

"ए पोपट, सेक्शन बोल ना."

कॉलेजच्या कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. ईशिताने समोसा तोडता तोडता, माझ्याकडे न बघता. मी बोलले. करार कायद्याचं कलम, इंग्रजीत, स्वल्पविरामासकट. टेबलावरची पोरं हसली. मग ती म्हणाली, "बस. आता गप." मी गप्प झाले.

लॉच्या पहिल्या वर्षाचा आमचा अभ्यासाचा ग्रुप. सरांनीच पाडलेला. इंटर्नलचे मार्क ग्रुपला, ग्रुप नाही तर मार्क नाहीत. ईशिताचे बाबा वकील, काका वकील, घाटकोपरला ऑफिस. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सीईटीला स्कोअर किती गं तुझा?" मी सांगितला. "कोटा ना. बरं." जात विचारायची ही नवी रीत.

मी गोवंडीची. आमच्या वस्तीतली पोरं बुद्धविहारात अभ्यास करतात. मोठ्याने, सगळी एकदम. घरात जागाच नसते. तिथे शिकवणारे दादा म्हणायचे, "तोंडपाठ असलं की कुणाच्या बापाला हिसकावता येत नाही." दहावी, बारावी त्यावरच निघाली. वाटलं, कायदाही निघेल. नाही निघत. इथे पेपरात एक गोष्ट सांगतात आणि विचारतात, बरोबर कोण? त्याचं उत्तर कसं रचायचं हे ईशिताला घरी जेवताना ऐकून माहीत. मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ग्रुप सोडता येईना. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. सबंध सत्र धरले.

प्रेझेंटेशनला प्रश्न आला. मालकिणीच्याच खोलीत राहणारी एक स्वयंपाकीण. मालकिणीने लिहून घेतलं, सुट्टी नाही, काम सोडायचं नाही. सही कर, नाहीतर खोली खाली कर. बाईने सही केली. करार टिकेल का?

"सही केली ना? टिकतो. संपलं," ईशिता म्हणाली.

"नाही टिकत. कलम सोळा..."

"यार, तुझं काम सेक्शन सांगायचं. विचार आम्ही करतो."

संध्याकाळी विहारात कलम सोळा म्हणायला घेतलं आणि मध्येच थांबले. पहिल्यांदाच ते मराठीत स्वतःला सांगितलं. एकाच्या हातात दुसऱ्याची इच्छा वाकवायची ताकद असेल, आणि ती वापरून त्याने गैरफायदा घेतला, तर ती संमती खरी नाही. व्यवहार उघड अन्यायाचा दिसला तर आपण दाब टाकला नाही हे सिद्ध करायचं ते वरच्याने. खालच्याने नाही. हे मी रोज घोकत होते! कँटीनमध्ये मागणीनुसार म्हणून दाखवत होते. रडू आलं नाही. संताप आला, ईशिताचा आणि तिच्याहून जास्त माझा.

प्रेझेंटेशनच्या दिवशी ईशिता बोलता बोलता माझ्याकडे वळली. "सेक्शन?"

मी सेक्शन न सांगता सरांकडे वळले. सगळा वर्ग बघायला लागला.

"सर, आमच्या ग्रुपचं उत्तर चुकीचं आहे. माझं वेगळं आहे."

"ग्रुपचं उत्तर एकच असतं. खाली बस," सर म्हणाले.

मी बसले नाही. स्वयंपाकिणीची बाजू शेवटपर्यंत मांडली, अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

त्याच दिवशी ईशिताने मला ग्रुपमधून काढलं. दुसरा ग्रुप घेत नाही. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "माफी माग, ती घेईल परत. वर्ष कशाला घालवतेस?" आईसुद्धा म्हणते, "माग ना गं एकदा. काय जातं?" काय जातं ते आईला माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून ती हे म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

मी अजूनही मोठ्यानेच वाचते. पण कलम संपलं की पुस्तक मिटते आणि एकटीच भांडते, आधी मालकिणीकडून, मग स्वयंपाकिणीकडून. मगच लिहायला घेते. जमतंय हळूहळू. भीती गेलेली नाही, वर्ष खरंच जाऊ शकतं.

माफी मागणार नाही. सरांना तसं सांगून आलेय. मला एकटीला मांडू द्या. नापास करायचं असेल तर करा. कारण मात्र लेखी द्यावं लागेल.