माझ्या सासऱ्यांचा बेताचा वारा

जगात वारा दोघांनाच कळला, एक मारुतीच्या वडिलांना आणि दुसरा माझ्या सासऱ्यांना. त्यातही मारुतीच्या वडिलांचं काम जरा ढोबळ होतं, असं आमच्या अप्पांचं प्रामाणिक मत होतं. कोलशेतच्या एका कारखान्यात धूर बाहेर फेकणाऱ्या मोठमोठ्या पंख्यांची देखभाल करण्यात त्यांची उभी हयात गेली. रिटायर होऊन ते डोंबिवलीच्या दोन खोल्यांत येऊन बसले, तेव्हा बाहेर काढायला धूर उरला नाही, म्हणून ते माणसांच्या मागे लागले. आणि नेमकी त्याच वर्षी मी त्यांच्या घरात सून म्हणून आले.

मी ठाण्याची, टेंभी नाक्याची. लग्न ऐन मे महिन्यात. माप ओलांडून आत आले, शालूत घामाने निथळतेय, सासरची अठरा माणसं डोळे फाडून बघतायत, आणि सासरे पुढे होऊन विचारतात, "तुला वारा कुठे लागतो? कपाळाला की मानेला?" मला वाटलं, असेल यांच्याकडची काहीतरी रीत. मी आपली घाबरत म्हटलं, "दोन्हीकडे." अप्पा सासूबाईंकडे वळून म्हणाले, "पोरगी गोंधळलेली आहे, पण खरं बोलते." त्या दिवसापासून माझ्यावर त्यांची मर्जी बसली ती कायमची, आणि मर्जी बसणं म्हणजे काय ते मला पुढे कळलं. त्यांना कुठलाही नवा वारा सुचला की आधी तो मला घालून बघायचे.

दाराच्या मागे खिळ्यांवर त्यांचे पंखे टांगलेले असत. वाळ्याचा पाहुण्यांसाठी, ताडाच्या पानाचा घरच्यांसाठी, बांबूचा फक्त भात निववायला. भाताचा पंखा माणसाला घालायचा नाही आणि माणसाचा भाताला. एकदा मी घाईत वाळ्याच्या पंख्याने मसालेभात निववला, तर हा गृहस्थ दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. त्यांची कसोटी एकच, उदबत्ती. पंख्यासमोर उदबत्ती धरायची आणि धुराकडे बघायचं. "धूर आडवा झाला पाहिजे, पळाला नाही पाहिजे. वारा बेताचा हवा," हे वाक्य मी त्या घरात रामरक्षेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

माजिवड्याला एका हॉलमध्ये नात्यातली मुंज होती. होमापुढे बसलेला बटू घामाघूम झालेला पाहून अप्पांना राहवेना. ते ताडाचा पंखा घेऊन मागून सरसावले. बटूच्या मानेला वारा अगदी बेताचा लागला, नाही असं नाही, पण तिथून तो निघाला तो थेट होमात. पाच मिनिटांत हॉलभर धूर. गुरुजी खोकतायत, आत्या डोळे पुसतायत, आचारी झारा घेऊन धावत आला. त्या मुंजीच्या फोटोंत सगळी माणसं गहिवरलेली दिसतात. अप्पा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, "माझं काही चुकलं नाही, होम चुकीच्या जागी मांडलेला."

मग नव्वदच्या दशकात ते सेलवरचे हातपंखे आले. मुठीत मावणारे, प्लॅस्टिकच्या पात्यांचे, तीन स्पीडचे. डोंबिवलीत दुपारी लाइट जायचे दिवस, त्यामुळे घरोघरी ते आले. लोक रंग बघून घेत. आमच्याकडे असं कसं चालेल? ठाण्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात अप्पा मला घेऊन गेले, दुकानदाराला चौदा पंखे काढायला लावले, काउंटरवर ओळीने मांडले आणि खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. दुकानदाराने आधी भक्तिभावाने हात जोडले. सातव्या पंख्याला मात्र तो म्हणाला, "काका, पंखा घेताय का सत्यनारायण घालताय?" अप्पांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एका गिऱ्हाइकाची कॉलर मागे ओढून त्याच्या मानेवर चार पंखे लावून बघितले. तो बिचारा टॉर्च घ्यायला आलेला, पण तोही रंगात आला आणि "काका, तो हिरवा परत लावा ना" म्हणायला लागला. दीड तासाने आम्ही एक पांढरा पंखा घेऊन बाहेर पडलो. "एक नंबर म्हणजे नुसती ओळख," अप्पा मला रस्ताभर समजावत होते. "दोन नंबर म्हणजे वारा. तीन नंबर म्हणजे भांडण."

एवढा सगळ्या गावाला वारा घालणारा माणूस, पण स्वतःच्या बायकोपुढे त्याचं काही चालायचं नाही. सासूबाईंनी त्यांचा वारा कधी घेतलाच नाही. ते पंखा घेऊन जवळ गेले रे गेले की त्या म्हणत, "पुरे. पदर आहे मला." आणि पदराने फटफट वारा घेत. बस्स. अप्पा पंखा खिळ्याला लावत आणि उगाच खिडकीचं दार मागेपुढे करत. मला सांगत, "तिला अजून नेमका सापडलेला नाही, एवढंच. सापडेल." पस्तीस वर्षं संसार झालेला माणूस हे सांगतोय! मी हसायचे, पण आत कुठेतरी वाईट वाटायचं. सगळी डोंबिवली एकीकडे आणि हिने एकदा "बरं वाटलं" म्हणणं एकीकडे, असा त्यांचा हिशोब होता.

आणि एका एप्रिलमध्ये सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला वारा लागू द्यायचा नाही, पण पट्टीखाली घामही जाऊ द्यायचा नाही, आणि उताणं पडून राहायचं. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! पदराचा वारा तर थेट डोळ्यावरच जातो, म्हणून मी त्यांचा पदर कमरेला खोचून टाकला. त्या भयंकर चिडल्या. "अगं, वारा नाही तर नाही, माझा पदर तरी माझ्याजवळ ठेव!" घाम पुसायला सारखा हात डोळ्याकडे जायचा आणि मी तो धरून खाली ठेवायचे. टाका निसटला तर डोळा गेलाच.

अप्पांनी हे बघितलं आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावून म्हणाले, "सूनबाई, आडवी हो." माझ्या एका डोळ्यावर त्यांनी कापूस ठेवला, वर पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटवली. कागद हलला की वारा चुकला. डोक्याकडून झालं, कुशीकडून झालं, खाटेखालूनसुद्धा झालं. कागद हलतोच. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी डोळ्यावर कापूस घेऊन निपचित, माझ्यावर पतंगाचा कागद, आणि सासरे उशाशी उदबत्ती घेऊन वारा घालतायत. काकू वाटी टाकून पळाल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या माहेरून दोन माणसं चौकशीला आली.

तिसऱ्या दिवशी त्यांना सापडला. पायांकडून! तळपाय ओल्या फडक्याने पुसायचे, पंखा टाचांच्या खाली हातभर लांब धरायचा, दोन नंबर. तळपाय गार झाले की अंगभर निवतं, आणि कागद हलत नाही. अप्पा खोलीत नाचायचेच बाकी होते. "अगं, मी आयुष्यभर माणसाला वरून बघत आलो," म्हणाले, "गाढव मी."

दुपारी लाइट गेले. अप्पांनी सासूबाईंचे पाय पुसले, खाटेच्या पायथ्याशी पाटावर बसले आणि पंखा सुरू केला. आम्ही दोघं "पुरे"ची वाट बघत होतो. "पुरे" येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पा घाबरले. मला खुणेने विचारतायत, ही बोलत का नाही? डोळ्याला लागला का? मी वाकून बघितलं. हात पोटावर शांत होता. पायाची बोटं मात्र सगळी फाकलेली, उन्हातून आलेलं पोर पाण्यात पाय सोडून बसतं ना, तशी.

अर्ध्या तासाने लाइट आले. बटण चुकून चालू राहिलेलं, वरचा पंखा गरगरायला लागला. अप्पांनी आपला पंखा बंद केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "तो वरचा बंद कर."

अप्पा घाईघाईने म्हणाले, "हो हो, बंद कर, डोळ्याला लागत असेल तिच्या."

"डोळ्याला काही लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "बंद कर म्हटलं ना. आणि तुम्ही कुठे निघालात? बसा."

मी बटण बंद केलं. अप्पा परत पाटावर बसले. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, पंख्याचा खटका चाचपडत पुढे सरकवला. मी दारात उभी होते, मला दिसलं. एकच नंबर लागला होता, आणि गडबडीत पंखा इतका खाली धरला होता की तो वारा सासूबाईंच्या अंगठ्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

"हं," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "आता बरं वाटतंय."

मी घामाने भिजत तशीच उभी राहिले. कोणालाच काही सांगितलं नाही. आता ती दोघंही नाहीत, म्हणून सांगतेय.